बोलवेल नागारी: भावांनी घडवलेली गाडी

लांबलचक बॉनेट, मागे सरकलेली केबिन आणि आखूड शेपूट. ही बोलवेल नागारी. इटलीची वाटते, पण जन्म ऑस्ट्रेलियातला. मेलबर्नच्या दक्षिणेला मॉर्डिअलॉक नावाचं उपनगर आहे, तिथल्या एका छोट्या कारखान्यात ती तयार झाली.

कारखाना बोलवेल भावांचा. कॅम्पबेल बोलवेल यांनी 1962 मध्ये कंपनी सुरू केली. सुरुवातीची बरीच वर्षं गाड्या सुट्या भागांत विकल्या जायच्या. गिऱ्हाइकानं भाग घरी न्यायचे, होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या गाडीचं इंजिन मिळवायचं आणि गॅरेजमध्ये आपली गाडी आपणच जोडायची. मार्क सेव्हन हे मॉडेल असंच घरोघरी पोहोचलं.

दरम्यान, कॅम्पबेल यांचे भाऊ ग्रेम इंग्लंडमध्ये लोटस या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या कंपनीत काम करून आले. गाडी वेगवान हवी तर आधी तिचं वजन उतरवा, हा लोटसचा धडा. 1970 मध्ये आलेल्या नागारीत तो पुरेपूर उतरलेला दिसतो.

बॉडीखाली पाहा. नेहमीसारखी रुंद चौकट इथे नाहीच. गाडीच्या मधोमध पोलादाचा एकच कणा आहे. पुढच्या टोकाला इंजिन, मागच्या टोकाला डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी. वरची बॉडी फायबरग्लासची. साच्यात काचतंतूंचे थर अंथरायचे, रेझिन, म्हणजे घट्ट होणारं चिकट रसायन, भरायचं आणि घट्ट होऊ द्यायचं, सगळं हातानं. वजन भरलं एक टनाच्याही आत. आणि इंजिन? फोर्डचा व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरांचा, 4.9 लिटरचा! फाल्कनसारखी कितीतरी जड कौटुंबिक सेडान ओढणारं हे इंजिन या हलक्या अंगात बसलं, तेव्हा ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला पाठ सीटला चिकटणं म्हणजे काय ते कळलं. पुढे काही गाड्यांना 5.8 लिटरचं इंजिनही मिळालं, आणि उघड्या छताची नागारीही निघाली.

1974 मध्ये उत्पादन थांबलं. सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक होत होते. त्यासाठीच्या चाचण्यांचा खर्च मोठ्या कंपन्या हजारो गाड्यांवर पसरवू शकत होत्या. मोजक्या गाड्या बनवणाऱ्या कुटुंबाला ते झेपणारं नव्हतं. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण नागारी तेव्हा ऐन भरात होती.

पण फायबरग्लासवर बसलेला हात वाया गेला नाही. बोलवेल यांनी त्याच कौशल्यावर इतर उद्योगांसाठी भाग बनवले आणि कंपनी टिकवली. 1979 मध्ये फोक्सवॅगन गोल्फचं इंजिन घेऊन त्यांची इकारा आली. आणि 2009 मध्ये पुन्हा नागारी! या वेळी बॉडी कार्बन फायबरची, इंजिन टोयोटाचं व्ही-सिक्स, आणि तेही चालकाच्या पाठीमागे.