रेशनकार्डावरची नावं

या रेशनकार्डावरची पोरांची नावं वरून खाली वाचत या. मुलगी, मुलगी, मुलगी, मुलगा. पुढे कागद कोरा.

सातारा जिल्ह्यात अशा यादीत एखादं नाव सापडायचं – नकुशी. म्हणजे नको असलेली. लाडाचं नाव नव्हे, शाळेच्या हजेरीपटावरही तेच. मुलीला नकुशी म्हटलं की पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. हाक मुलीला मारायची, ऐकवायचं देवाला. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचं नव्यानं बारसं झालं. जिल्हा परिषदेनं पुढाकार घेतला होता.

नाव बदललं. नकुशी म्हणण्यामागचा हिशेब मात्र आईच्या नसबंदीच्या ऑपरेशनचा. मुलगा झाला की घरातून निघतं, "आता ऑपरेशन करून घे." मुलगी झाली की, "एवढी एक खेप बघू."

२०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत हे उघड दिसलं. देशात पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या घरांत १०० मुलींमागे १८२ मुलगे होते. एरवी जन्मतात साधारण १०५. मुलाची वाट पाहता पाहता झालेल्या, पंचविशीपर्यंतच्या मुलींचा अंदाज पाहणीने मांडला – २ कोटी १० लाख.

यात सोनोग्राफी नाही, गर्भपात नाही. कुठे थांबायचं, एवढंच ठरलेलं. पण त्यामुळेच मुली मोठ्या घरांत वाढतात. दूध तेवढंच, फीचे पैसे तेवढेच, वाटेकरी चार.

मग घरं लहान झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी होणारी मुलं, १.७ वर आला. आता "अजून एक खेप" कुणाला परवडते? मुलाची आस मात्र हटलेली नव्हती. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७.

आता हे दुसरं रेशनकार्ड. मुलगी, मुलगा. छान चौकोनी कुटुंब, सरकारी भिंतीवर रंगवावं असं. मुलगी नववीत, मुलगा पहिलीत. मधल्या आठ वर्षांत या घरात काय घडलं, ते आईला माहीत.