फुलपाखरावर सगळं ढकलू नका

नमस्कार मंडळी. विषय दिलाय हवामानाचा अंदाज दोन आठवड्यांपलीकडे का जात नाही. त्यावर येतोच, पण त्याआधी एक गोष्ट, कारण ती सगळीकडे अर्धवट सांगतात आणि मला ते बघवत नाही.

१९६१ चा हिवाळा, अमेरिकेतलं एमआयटी हे विद्यापीठ. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांच्या ऑफिसात एलजीपी-३० नावाचा कॉम्प्युटर होता, टेबलाएवढा, आत व्हॅक्युम ट्यूबा, आवाज भरपूर. त्यावर १२ समीकरणांचं एक सोपं करून घेतलेलं हवामान चालायचं. एक जुना रन, म्हणजे मशीननं एकदा काढलेला हिशोब, परत बघायचा होता, तर पहिल्यापासून कशाला म्हणून त्यांनी प्रिंटआउटवरचे मधलेच आकडे टाईप केले आणि कॉफी प्यायला गेले. तासाभरानं येऊन बघतात तर मशीननं साधारण दोन महिन्यांचं हवामान काढलेलं, आणि ते जुन्याशी अजिबात जुळेना! पहिला संशय ट्यूबवर, की एखादी गेली असणार. पण दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसलं की आधी फक्त शेवटच्या घरात फरक, मग त्याच्या अलीकडच्या घरात, आणि साधारण दर चार दिवसांनी फरक दुप्पट. मशीनच्या पोटात ०.५०६१२७ होतं आणि कागदावर जागा वाचवायला ०.५०६ छापलं होतं, एवढंच. सांगा बरं, तुमच्यातलं कोण शेवटचे तीन आकडे सोडून देणार नाही? (हशा)

आता माझी तक्रार. या गोष्टीत लोरेन्झ असतात, कॉफी असते, पण त्या मशीनवर प्रोग्राम लिहिणारी मार्गारेट हॅमिल्टन नसते, जिनं पुढे अपोलो चांद्रमोहिमेच्या सॉफ्टवेअर टीमचं नेतृत्व केलं. तिच्यानंतर आलेली एलन फेटर तर कुणाला माहीतच नाही. सुरुवातीच्या बारीक फरकानं पुढे सगळं बदलतं हे मांडणाऱ्या लोरेन्झ यांच्या १९६३ च्या गाजलेल्या पेपरातली आकडेमोड तिनं केली आणि लोरेन्झ यांनी पेपरात तिचे आभार मानलेत, छापील आहेत, मग आपण का गाळतो?

दुसरी तक्रार फुलपाखराची, म्हणजे त्यानं पंख फडफडवले की दूर कुठेतरी वादळ येतं म्हणतात त्याची. आधी उदाहरण सीगल पक्ष्याचं होतं. १९७२ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणाला लोरेन्झ यांनी वेळेत शीर्षक दिलं नाही म्हणून सत्र जुळवणाऱ्या फिलिप मेरिलीस यांनी ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ शीर्षकात घालून दिलं. आणि आता प्रत्येक मोटिव्हेशनल भाषणात छोटी कृती करा, मोठा बदल होईल! अहो, लोरेन्झ यांनी त्याच भाषणात सांगितलंय की पंख फडफडल्यानं वादळ येऊ शकत असेल तर तेवढंच ते टळूही शकतं. कुठल्या पंखानं काय झालं हे कधीच कळणार नाही, मुद्दा तो आहे.

बरं, पाच मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीय, म्हणून भराभर. आजचं हवामान आपण कधीच अगदी अचूक मोजू शकत नाही, थोडी चूक राहतेच, ती वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांत अंदाज खाऊन टाकते. मोठा कॉम्प्युटर आणला तरी ही भिंत हटत नाही. म्हणून १९९२ पासून मोठी केंद्रं एक रन न करता, सुरुवात किंचित बदलून अनेक रन करतात. आपल्याकडे २०१८ मध्ये असं मॉडेल सुरू झालं, नकाशाचे साधारण १२ किलोमीटरचे चौकोन करून हिशोब करणारं, २१ रनचं, त्यात पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं मोठं काम आहे. सगळे रन पाऊस म्हणाले तर खात्री जास्त, निम्मेच म्हणाले तर शक्यता निम्मी, त्यामुळे टक्के वाचताना खात्याला शिव्या घालू नका. आता तुम्ही विचाराल मग एप्रिलमध्ये अख्ख्या मान्सूनचा अंदाज कसा देतात, तर तो रोजच्या पावसाचा नसतो, चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो आणि समुद्राचं तापमान हळू बदलतं त्याच्या आधारावर असतो, ते जरा सविस्तर सांगायला हवं, पण ते प्रश्नोत्तरांत घेऊ.