नावापुढचं साल

नमस्कार, श्रोतेहो. शाळा-कॉलेजचा महोत्सव आला की स्मरणिका निघते आणि तिच्या मागच्या पानांत माजी विद्यार्थ्यांची यादी असते. नाव, पदवी, साल. अशा याद्या तपासण्याचं काम मी आवडीनं करते. आज बोलायचंय ते त्यातल्या सालाबद्दल, कारण यादी करताना सर्वांत कमी विचार त्याचाच होतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी याची शिस्तच बसवली आहे. नावापुढे सालाचे शेवटचे दोन आकडे, आणि त्यांच्याआधी वरच्या अंगाला लहानसा स्वल्पविराम. मिशेल ओबामा प्रिन्स्टनच्या १९८५च्या, म्हणून त्यांच्या नावापुढे ’८५. तो स्वल्पविराम म्हणजे गाळलेल्या १९ची खूण. त्याचं शेपूट डावीकडे वळलेलं हवं. कॉम्प्युटर बरेचदा ते उलटं करतो आणि मुद्रितं तपासणाऱ्याला एकेक सुलटं करत बसावं लागतं. प्रिन्स्टनमध्ये पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना स्वल्पविरामाच्या जागी तारका. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांची डॉक्टरेट १९३८ची, म्हणून त्यांचे ३८ तारांकित.

ऑक्सफर्डची रीत निराळी: कॉलेजचं नाव आणि प्रवेशाचं साल. तिथे बी.ए. झालेल्याला प्रवेशानंतर सात वर्षांनी, वेगळी परीक्षा न देता, एम.ए. घेता येते. मग एम.ए.च्या सालावरून तो कुणाच्या बरोबरीनं शिकला हे कसं कळणार? प्रवेशाचं साल ते सांगतं.

हा फरक किती मोठा असू शकतो, ते बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांत दिसतं. ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१५ला एम.ए. झाले, १९१६ला लंडनला गेले. लंडनची एम.एससी. १९२१ची, डी.एससी. १९२३ची. आणि कोलंबियाची पीएच.डी.? ती रीतसर मिळाली १९२७ साली, प्रबंध ग्रंथरूपानं छापून झाल्यावर. ‘पीएच.डी., कोलंबिया, १९२७’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शिकत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ते महाडला, चवदार तळ्यावर होते! कोलंबियानंच १९५२ला दिलेली एलएल.डी. मानद. ‘मानद’ हा शब्द तिथे गाळता कामा नये.

आपल्याकडे पदवीपुढे कंसात विद्यापीठ लिहायची चांगली जुनी पद्धत आहे. ती सोडू नका. पुणे विद्यापीठ १९४९चं. त्याआधी फर्ग्युसनमधून बी.ए. झालेल्यांची पदवी मुंबई विद्यापीठाची, म्हणून कंसात ‘मुंबई’च हवं. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या जुन्या पदवीधर ‘जी.ए.’ लिहीत. जी.ए. म्हणजे गृहीतागमा. यादी नव्यानं टाइप करताना कुणी ती चूक समजून बी.ए. करू नये, एवढी कळकळीची विनंती.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पदवी न घेता गेलेल्यांची नावं आपल्या याद्यांत नसतातच. दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन गेलेली मुलगी, वडील वारल्यावर नोकरीला लागलेला मुलगा, हे त्या वर्गात होते की नाही? अमेरिकेतली कित्येक कॉलेजं अशांनाही त्यांच्या तुकडीचं साल देतात. तुकडी जमली की त्यांनाही बोलावणं जातं.

तेव्हा, स्मरणिका काढणाऱ्यांनो, सालाचे चारही आकडे लिहा. शंभरी गाठलेल्या संस्थेत नुसतं २४ म्हणजे १९२४ की २०२४, हे कोण सांगणार? प्रवेशाचं साल आणि पदवीचं साल यांचे रकाने वेगळे ठेवा. पदवीचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, त्यापायी नाव गाळू नका. आणि अशा जुन्या वर्गमित्रांचे पत्ते तुमच्यापैकी कुणाकडे असतील, तर ते आपापल्या कॉलेजला आजच कळवा. नमस्कार.