गिल्डफर्ड ते गॉडल्मिंग: आधी पाण्यानं, मग पायी

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या नैर्ऋत्येला सरे नावाचा परगणा आहे, आणि त्यातून वे नावाची एक लहानशी नदी वाहते. आज या नदीवर गिल्डफर्डहून गॉडल्मिंगपर्यंत जाऊ या. अंतर जेमतेम साडेचार मैल. मोटारीनं पंधरा-वीस मिनिटांत संपतं. नावेनं निम्मा दिवस लागतो, आणि तो लागावा असंच मला मनापासून वाटतं.

आपली नाव म्हणजे नॅरोबोट. रुंदी सात फुटांच्या आतच, लांबी मात्र साठ-सत्तर फुटांपर्यंतही असते. अठराव्या शतकात इंग्लंडच्या मध्यभागात कालवे खणले, तेव्हा खर्च आणि पाणी वाचावं म्हणून तिथली बरीच लॉक्स, म्हणजे नाव वर-खाली नेणारे पाण्याचे हौद, अरुंद बांधली; नावाही त्याच मापाच्या झाल्या. वे नदीवरची वाहतूक त्याहून जुनी. सर रिचर्ड वेस्टन यांनी आखलेला गिल्डफर्ड ते टेम्स हा जलमार्ग १६५३ साली खुला झाला. तो पाहायला वेस्टन उरले नव्हते, आदल्या वर्षीच ते वारले. गॉडल्मिंगपर्यंतचा वरचा भाग १७६४ सालचा. इथं रुंद मालवाहू बार्ज चालत, म्हणून लॉक्सही ऐसपैस आहेत.

लॉक म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण या प्रवासाची खरी मजा तिथंच आहे. आपण प्रवाहाच्या उलट, चढावर निघालो आहोत. समोर दगड-विटांचा हौद, दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. नाव आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि पुढच्या झडपा सावकाश उघडायच्या. पाणी घुसळत आत येतं, नाव मागंपुढं ओढ घेते. म्हणून काठावरच्या खुंटाला दोर गुंडाळून टोक हातात धरून ठेवायचं. बघता बघता नाव वर येते आणि मघाशी डोक्यावर असलेलं गवत नजरेच्या रेषेत येतं. मग दरवाजाच्या लांब दांडक्याला पाठ लावून रेटायचं. मोटर नाही, बटण नाही. सगळं माणसाच्या अंगबळावर, आणि शेजारच्या नावेतली अनोळखी माणसं न सांगता हात लावतात.

सुकाणू मात्र पहिल्यांदा गोंधळात पाडतं. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते, तीही जरा थांबून. घाई करणाऱ्याला ती काठावरच्या झुडपात नेते.

गिल्डफर्ड सोडलं की सेंट कॅथरिन्सची टेकडी येते, माथ्यावर मोडकं चॅपेल, पायथ्याशी पिवळ्या वाळूची घसरण. पुढं शॅलफर्डची कुरणं. ब्रॉडफर्डचा पूल इतका बुटका की सुकाणूवर उभ्या माणसानं वाकावंच. जवळच चिलवर्थ गाव आहे. तिथल्या बंदुकीच्या दारूच्या गिरण्या १६२६ साली कुणी सुरू केल्या? ईस्ट इंडिया कंपनीनं! पुढच्या काळात तिथली दारू याच नदीवर बार्जमध्ये भरून लंडनकडे जाई. आपल्या इतिहासाचा एक धागा या शांत कुरणांपर्यंत येऊन पोचतो, हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

रेल्वेनं नदीची मिळकत पळवली. तरी १९६४ साली मालक हॅरी स्टीव्हन्स यांनी हा जलमार्ग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दान दिला. १९६८ साली वरचा भागही ट्रस्टकडे आला. विकून टाकला नाही, बुजवला नाही. त्या निर्णयाबद्दल मला मोठा आदर आहे.

गॉडल्मिंगच्या पुलापाशी नावेची वाट संपते. देशभरच्या जोडलेल्या जलमार्गांचं हे दक्षिणेचं टोक. इथं नाव बांधा आणि पुलापलीकडे चालत जा. काठाकाठानं, चर्चच्या उंच मनोऱ्याजवळ, फिलिप्स स्मृती उद्यान लागतं.

रेडिओवरून बोलताना या माणसाबद्दल सांगायलाच हवं. जॅक फिलिप्स शेजारच्या फार्नकमचा. गॉडल्मिंगच्या पोस्टात तारेचं काम शिकला आणि टायटॅनिकवर मुख्य वायरलेस ऑपरेटर झाला. एप्रिल १९१२ मधल्या त्या रात्री जहाज बुडत असताना तो संदेश पाठवत राहिला. कप्तानानं ‘आता तुम्ही मोकळे’ म्हटल्यावरही. ते संदेश ऐकून कार्पेथिया जहाज आलं आणि सातशेहून अधिक माणसं वाचली. फिलिप्स वाचला नाही. वय पंचवीस. १९१४ साली गावानं त्याच्यासाठी चौकोनी ओवऱ्या बांधल्या. तिथल्या झाडाझुडपांच्या आखणीत गर्ट्रूड जीकल या नामवंत उद्यानकार बाईंचा हात होता. बाकांवर बसा. घाई करू नका.

जवळच वेस्टब्रुकची गिरणी होती. १८८१ साली तिथल्या पाणचक्कीवर वीज तयार करून गॉडल्मिंगचे रस्ते उजळले. सार्वजनिक वीजपुरवठ्याचा जगातला पहिला प्रयोग तो हाच, असं मानतात. तारा रस्त्याकडेच्या गटारांतून टाकल्या होत्या! नदीचं पाणी भरवशाचं नव्हतं, पैसा पुरेना. १८८४ साली गाव पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळलं.

लंडनमधल्या आपल्या श्रोत्यांसाठी: वॉटर्लूहून गिल्डफर्डमार्गे गॉडल्मिंगला थेट गाडी आहे, आणि उद्यान स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर. नाव परवडत नसेल तर पूर्वी बार्ज ओढणारे घोडे ज्या वाटेनं चालत, ती काठावरची वाट सर्वांना खुली आहे. गिल्डफर्डला उतरा आणि चालत या. पावसानंतर चिखल असतो, बूट जाड घाला.