वेदीपासून चाळणीपर्यंत : आमोसाच्या नवव्या अध्यायातल्या लपण्याच्या जागा

(दृश्य : बैर-शेबा इथली दगडी वेदी. कॅमेरा पायथ्याकडून कोपऱ्यावरच्या शिंगाकडे.)

जुन्या इस्राएलात जिवावर बेतलं की माणूस धावत वेदीपाशी यायचा आणि तिच्या कोपऱ्यावरचं शिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. शलमोन गादीवर बसल्याचं कळताच गादीवर हक्क सांगणाऱ्या त्याच्या भावानं, अदोनीयानं, हेच केलं, तो तेवढ्यापुरता वाचला. पुढे सेनापती यवाबानंही केलं, आणि तो वेदीजवळच मारला गेला. कारण मोशेच्या नियमशास्त्रात पळवाट आधीच बुजवलेली होती : ठरवून खून करणाऱ्याला माझ्या वेदीपासूनसुद्धा ओढून न्या.

पडद्यावरच्या वेदीचे दगड 1973 साली योहानान अहारोनी यांच्या उत्खननात सापडले, तेही एका कोठाराच्या भिंतीत चिणलेले. ते जुळवल्यावर उंची भरली दीड मीटरहून थोडी जास्त, म्हणजे उभ्या माणसाच्या हाताला शिंग सहज लागेल इतकी.

आता बायबलच्या जुन्या करारातल्या आमोस या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा नववा अध्याय उघडू. पुस्तकातला हा पाचवा दृष्टान्त. टोळ, अग्नी, ओळंबा, उन्हाळी फळांची टोपली हे चार होऊन गेलेत. या वेळी परमेश्वर स्वतः वेदीपाशी उभा आहे, आणि हुकूम सुटतो : खांबांच्या माथ्यांवर घाव घाल, उंबरठे हादरू देत, सगळं त्यांच्या डोक्यांवर कोसळू दे. शोध अजून सुरूही झालेला नाही आणि आसऱ्याची पहिली जागाच गेली.

(दृश्य : तकोवाच्या उघड्या टेकड्या, मेंढ्यांचा कळप.)

हे सांगणारा माणूस यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या तकोवाचा. मेंढरं राखायची आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करायची, हा त्याचा धंदा. काळ इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याचा, उत्तरेच्या इस्राएल राज्यात दुसरा यराबाम राजा. सरहद्दी रुंदावलेल्या, पैसा खेळता. श्रीमंतांच्या हस्तिदंती पलंगांवर आमोस तुटून पडतो. उत्तरेची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात अशा हस्तिदंती कामाचे कोरीव तुकडे खरोखरच निघाले. पण त्याचा खरा राग बाजारावर आहे. धान्य मोजायचं एफा हे माप लहान, पैसे तोलायचं शेकेल हे वजन जड, तराजू खोटा. गरिबाला वहाणांच्या जोडाच्या किमतीत विकत घ्यायचं. आणि गव्हाचं भुसकटसुद्धा टाकून न देता गिऱ्हाइकाच्या पदरात घालायचं. हे भुसकट लक्षात असू द्या.

(दृश्य : हिब्रू हस्तलिखिताचं पान. ओळीओळीनं एकच शब्द उजळतो.)

वेदी कोसळल्यावर पळापळ सुरू होते. तीन वचनांत पाच वेळा ‘जरी’ येतं आणि पाचही वेळा त्याला उत्तर मिळतं ‘तिथून’. हिब्रूत, मिश्शाम. मोठ्यानं वाचलं तर दारं एकामागून एक आपटल्यासारखं वाटतं.

अधोलोकापर्यंत खणत गेले, तरी तिथून माझा हात त्यांना ओढून काढील. इथलं ‘खणणं’ साधं नाही. हेच हिब्रू क्रियापद चोर घराची भिंत फोडतो तेव्हा वापरतात, म्हणजे मेलेल्यांच्या मुलखात चक्क भगदाड पाडून घुसायचं. आकाशात चढले, तरी तिथून खाली आणीन. मग येतो कर्मेल.

(दृश्य : हैफाजवळ समुद्रात उतरणारा डोंगर, चुनखडीतल्या गुहांची तोंडं.)

कर्मेल उंचीला फार नाही, सर्वोच्च माथा 546 मीटरचा. पण लपायला असा डोंगर दुसरा नाही. चुनखडी पाण्यानं झिजून गुहा झालेल्या आणि वर ओक वृक्षांची दाट झाडी. तिथल्या नहल मआरोतच्या गुहांत माणूस अश्मयुगापासून राहत आला. 2012 पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. पश्चिमेचं टोक थेट भूमध्य समुद्रात उतरतं. म्हणून आमोस पुढचं पाऊल समुद्राच्या तळाशीच टाकतो. तिथेही हुकूम तयार आहे : सर्पा, डस.

सापाची गाठ त्यानं आधीही घालून दिलीय. पाचव्या अध्यायात एक माणूस सिंहापासून सुटतो तर पुढे अस्वल. कसाबसा घरात शिरतो, दम घ्यायला भिंतीला हात टेकतो, आणि भिंतीतला साप डसतो.

उरला परमुलूख. त्या काळी देवांची हद्द राजांच्या हद्दीसारखीच धरत, म्हणून शत्रूच्या देशात पाडाव होऊन गेलं तर निदान या देवाच्या तावडीतून सुटू, असं कुणाला वाटलं असतं तर नवल नव्हतं. आमोस म्हणतो, तिथून मी तलवारीला आज्ञा करीन. इ.स.पू. 722 च्या सुमारास शोमरोन पडलं. तिथून 27,000 हून अधिक लोक नेल्याचं अश्शूरचा राजा सर्गोन आपल्या शिलालेखांत नोंदवतो.

(दृश्य : अदोमचे तांबडे कडे.)

ओबद्या हा दुसरा संदेष्टाही खडकांच्या कपारीत राहणाऱ्या अदोम या शेजारच्या राष्ट्राला हेच बजावतो : ताऱ्यांत घरटं बांधलंस तरी खाली ओढीन. या वचनावर कधी कधी व्हिडिओंत जॉर्डनमधल्या पेत्राचा कोरीव दर्शनी भाग दाखवतात. ती चूक आहे. तो नबाती लोकांनी कोरला, कित्येक शतकांनंतर. अदोमी वस्ती शोधायची तर शेजारच्या उम्म अल-बियारा डोंगराच्या सपाट माथ्यावर चढावं लागतं.

आणि बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं 139 वं स्तोत्र? तिथेही आकाश, अधोलोक, समुद्राचं टोक, ‘तिथेही’ आणि हात, सगळं तेच. फक्त तो हात धरून चालवतो. आमोसाच्या चौथ्या वचनात अशीच उलटापालट आहे. ‘नजर ठेवणं’ हा हिब्रूत एरवी सांभाळण्याचा वाक्प्रचार. इथे पुढे जोडलंय : बऱ्यासाठी नव्हे, वाइटासाठी.

(दृश्य : खळं. दोन हातांत हलणारी मोठ्या भोकांची चाळण.)

नवव्या वचनात आमोस चाळण हातात घेतो. राष्ट्रांमध्ये इस्राएलाच्या घराण्याला चाळीन, एक खडाही जमिनीवर पडणार नाही. त्या हिब्रू शब्दाचा अर्थ काही भाषांतरं ‘दाणा’ असा करतात. खडा धरला तर चित्र खळ्यावरचं आहे : चाळण हलते, दाणे भोकांतून खाली जातात, खडे नि काडीकचरा वर राहतो. गव्हातून भुसकट विकणारे आता स्वतः त्या चाळणीत आहेत. वर कोण राहिलं, तेही पुढच्याच वचनात सांगितलंय : ‘अरिष्ट आमच्यापर्यंत यायचं नाही’ असं म्हणणारे.

(चाळण हलत राहते. आवाज फक्त तिचा.)