पाखाडी समुद्राकडे उतरते

नमस्कार श्रोतेहो. आज इटलीतल्या जेनोवा बंदराची एक तबकडी ऐकायची आहे. नाव ‘क्रेउझा दे मा’, साल १९८४. गायक फाब्रित्सिओ दे आंद्रे, आणि त्याच्याबरोबर संगीत रचणारा माउरो पागानी. लिहून घेणाऱ्यांसाठी पुन्हा सांगते, क्रेउझा दे मा. क्रेउझा म्हणजे दोन गडग्यांमधून समुद्राकडे उतरत जाणारी चिंचोळी वाट. कोकणातल्या मंडळींना फोड करून सांगायला नको. पाखाडीच ती.

गाणी सात. इटालियन येणाऱ्यालाही ती उलगडत नाहीत, कारण ती जेनोवाच्या बोलीत आहेत. आणि साथीला? अरबी ऊद, तुर्की साझ, ग्रीक बुझुकी. म्हणजे बोली एका बंदराची आणि वाद्यं अख्ख्या भूमध्य समुद्राची. चाली नव्या, पण पिढ्यान्‌पिढ्या गायल्यासारख्या वाटतात. एवढी माहिती पुरे, कारण मला गोष्ट सांगायची आहे.

माझा मावसभाऊ बोटीवर होता. एका फेरीत त्याने मला ही कॅसेट आणून दिली. रविवारची सकाळ, मी ती लावून वाटण काढत होते, आणि दारात आमच्या कोळीण मावशी पाटी उतरवून बसल्या. पहिल्या गाण्यात रात्री किनाऱ्यावर उतरलेले खलाशी आहेत, त्यांच्यापुढे येणारं जेवण आहे. त्यात ‘कौलांवरच्या सशा’चा एक पदार्थ आहे. कौलांवरचा ससा म्हणजे मांजर! असो. त्या गाण्याच्या शेवटी जेनोवाच्या मासळी बाजारातले खरेखुरे पुकारे आहेत. ते सुरू झाले आणि मावशींचा पापलेटावरचा हात थांबला.

“यांचा म्हावरा राहिलाय गो, बाय.”

मी म्हटलं, मावशी, ही भाषा कुठली ते तरी माहीत आहे का?

“भाषा कशाला? दुपार झालीय तिकडं. सकाळचा पुकारा असा नसतो.”

संगीताला भाषा नसते, असं सभांमधून सांगतात. मला ते पटत नाही. मावशींना कळला तो धंदा, आणि तो त्यांना माझ्याहून जास्त कळला. (हल्ली थंडगार दुकानात प्लॅस्टिकच्या ताटलीत मुकी मासळी मिळते. ओरडून विकलेल्या पापलेटाची चव तिला नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.)

तर मावशी बसूनच राहिल्या. पुढचं गाणं बंदरातल्या बाईची ओढ लागलेल्या खलाशाचं, ते मी थोडं आवरतं घेतलं. मग लेबनॉनमधल्या सिदोनचा बाप, मेलेल्या पोराला कवटाळून बसलेला. मग जेनोवाचा एक कैदी खलाशी, जो तुर्कांकडे पाशा झाला. मावशी म्हणाल्या, “हा एकटा सुटला.” बाकीची दोन गाणी त्यांनी मासे साफ करता करता ऐकली.

शेवटचं गाणं निरोपाचं. बोट निघाली आहे, किनाऱ्यावर तिचा रुमाल दिसतो आहे. खलाशाच्या पेटीत कपडे आहेत आणि तिचा तरुणपणीचा फोटो आहे. त्या फोटोतल्या ओठांवर तो आपल्या जेनोवाचं चुंबन घेणार, आणि त्या ओठांना वास आहे डांबराच्या गोळ्यांचा. प्रेमगीतात डांबराच्या गोळ्या! चंद्रबिंद्र काही नाही. मी या तबकडीला प्रेमगीतांची तबकडी म्हणते ते या एका गोळीसाठी. पुन्हा सांगते, फोटोतले ओठ आणि डांबराच्या गोळ्या.

हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कोयता पुसला आणि विचारलं,

“गोळ्या कोणी घातल्या, त्याने का तिने?”

मी म्हटलं, ते गाण्यात नाही.

“तिनेच घातल्या असणार. लवकर येणाऱ्याच्या पेटीत कोणी डांबराच्या गोळ्या घालत नाय.”

मग पाटी डोक्यावर चढवली आणि पापलेटाचे दहा रुपये जास्त घेऊन गेल्या. मीही घासाघीस केली नाही.

तेच शेवटचं गाणं आता लावते. तीनेक मिनिटांचं आहे, तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवा.