गंजाखालचा बाण

नमस्कार मंडळी. सैन्याने लिलावात काढलेली गाडी किंवा वायरलेस सेट घरी आला, की पहिल्या दिवशी ग्राइंडरला हात लावू नका. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, पण त्यामागचं कारण मोठं आहे.

फोंड्याला माझ्याकडे एक जोंगा, म्हणजे सैन्याची जीपसारखी गाडी, आली. निस्सानच्या गाडीवरून जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, सहा सिलिंडरची, पेट्रोलवरची. पुढच्या बंपरवर पांढरा रंग, त्याखाली रेड ऑक्साइडचा गंजरोधक तांबडा थर आणि कडेला जाड गंज. मेस्त, म्हणजे आमचा मिस्त्री, म्हणाला, ‘‘भाई, घासून पत्रा उघडा करूया, दोन दिवसांचं काम.’’ मी नको म्हटलं. बारीक पॉलिश पेपर, पाणी आणि हलका हात. तिसऱ्या संध्याकाळी रेड ऑक्साइडखालून वर टोक केलेला बाण दिसू लागला. मग त्याच्यापुढचे दोन आकडे. लष्करी नंबरात बाणापुढचे ते आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. माझ्या कागदांत वर्ष वेगळंच होतं! बंपरचा तेवढा वीतभर तुकडा मी तसाच ठेवला आहे, वर फक्त पारदर्शक लॅकर. बाकीची गाडी करडी रंगवली, कारण खासगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देणं मोटार वाहन नियमांत बसत नाही.

महायुद्धातल्या जीपचंही तसंच. ती विलीजने बनवली आणि फोर्डनेही. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ उठवला. रेडिएटरखालची चेसिसची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या ‘यू’सारखी. हौशी माणूस बाजारातले चकचकीत बोल्ट बसवतो, गाडी छान दिसते आणि तिचा जन्मदाखला भंगारात जातो. मला याचं खरोखर वाईट वाटतं. गंजका बोल्ट डिझेलमध्ये आठवडाभर बुडवा, ब्रशने साफ करा, पुन्हा तोच लावा.

आता माझा जीव जिथे जास्त रमतो, तो वायरलेस. हा टेबलावर आहे तो १९ नंबरचा सेट, ब्रिटिश रणगाड्यांतला. पॅनेल पाहा, प्रत्येक बटणाखाली इंग्रजी आणि रशियन. युद्धात हे सेट सोव्हिएत फौजेलाही जात, म्हणून. आणल्यावर लगेच बॅटरी जोडायची नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत तीच ओल बसलेली असते. मी सेट लाकडी कपाटात साठ वॉटच्या बल्बसोबत महिनाभर ठेवतो. मग जुने कागदी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, तपासायचे. त्यांतून वीज गळू लागलेली असतेच. त्यांची नळी तापवून पोकळ करायची, नवा छोटा कपॅसिटर आत सरकवायचा आणि तोंड मेणाने बंद करायचं. बाहेरून छापील अक्षरं तशीच राहतात. आणि सेट चालू झाल्यावर आत ५०० व्होल्ट असतात, तेव्हा बंद केल्यावरही कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय बोट घालू नका.

हे गोव्यात का करायचं, तर इथे वायरलेसने इतिहास घडवला आहे. २५ नोव्हेंबर १९५५ ला ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे भूमिगत केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. दादरा-नगर हवेलीत पोर्तुगीजांकडून हस्तगत केलेल्या वायरलेस सेटांवरून त्याचा ट्रान्समीटर उभा केला होता. आधी आंबोलीच्या रानात, पुढे कॅसलरॉकला. आंबोलीचा पाऊस तुम्ही पाहिला आहे. त्या दमट हवेत व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, आणि कपॅसिटर जिवंत ठेवून सहा वर्षं बोलत राहणं म्हणजे काय, हे हा बल्बवाला उद्योग करताना मला रोज कळतं. १९ डिसेंबर १९६१ ला त्यांनी विमानातून गोवा मुक्त झाल्याची घोषणा केली.

प्रक्षेपणाला हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो, तेव्हा आज आपण फक्त ऐकणार आहोत. बॅटरी जोडतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागेल. तापलेल्या धुळीचा वास आला की पुढे या, सात मेगाहर्ट्झवर कोण बोलतंय ते पाहू.